उंटांनी भिजवलेले बूट

अपत्याला नदी, झाडे आणि चिखल यांच्या स्वाधीन करायचे, तर मातेला दोन व्रते एकाच वेळी पाळावी लागतात. एक त्याच्या देहाच्या रक्षणाचे आणि दुसरे त्याच्या श्रद्धेच्या रक्षणाचे. ही व्रते सहसा एकमेकांच्या आड येत नाहीत. परंतु जानेवारीच्या सहा तारखेला, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, पाराना नदीकाठच्या एका घरात ती सकाळीच समोरासमोर उभी ठाकली आणि त्यांच्यामध्ये नोएलिया सापडली.

नदीकाठच्या उन्हाळी शिबिराची तयारी तिने नाताळापासून आरंभिली होती. टोप्या झाल्या, डासांचे मलम झाले, बाटल्यांवर नावे घालून झाली. सर्वांत महत्त्वाचे होते ते बूट. पायाची बोटे झाकणारे बूट नसतील तर मुलाला पाणथळीच्या वाटेवर पाऊल टाकू द्यायचे नाही, असा शिबिराचा कडक दंडक होता. तिने सहा वर्षांच्या तादेओसाठी नवे बूट आणले आणि जुने त्याच दिवशी चर्चमध्ये देऊन टाकले. व्यवस्थितपणाची शिक्षा कधी कधी अशी आगाऊ लिहिलेली असते.

गेल्या उन्हाळ्यात तादेओने शिबिराच्या फाटकाशी आईच्या कमरेला अशी मिठी घातली होती की त्याला तसाच घरी आणावा लागला. यंदा त्याने आपण होऊन सांगितले होते, "तीन राजांनी मला दुर्बीण दिली, तर मी एकटा जाईन. रडणार नाही." त्यामुळे सारी भिस्त त्या राजांवर होती.

नाताळाच्या कथेतले हे राजे दर वर्षी उंटांवरून पाच तारखेच्या रात्री मुलांसाठी भेटी घेऊन येतात. मुले दाराबाहेर बूट मांडून ठेवतात, उंटांसाठी शेजारी गवताची पेंढी आणि पाण्याचे भांडे ठेवतात. उंट जेवून गेले असे दिसावे, ही जबाबदारी अर्थातच घरातल्या वडिलांची. भेट मोठी हवी असेल तर बूट चांगले ठेवावेत, असा मुलांचा सिद्धान्त आहे. तादेओचे सर्वांत चांगले बूट कोणते, हा विचार मात्र कोणाच्याच मनात आला नाही. त्याची नऊ वर्षांची बहीण ब्रिसा हिने आपल्या झिजलेल्या सपाता ठेवल्या होत्या. त्याचे कारण तिला कोणी विचारले नाही.

नोएलियाने सकाळी दार उघडले, तेव्हा गवत अंगणभर विखुरले होते, भांडे पालथे होते आणि नव्या बुटांत पाणी तुडुंब भरले होते. गळ्यात दुर्बीण अडकवून तादेओ शेजारी उभा होता.

"आई, उंटांनी सांडलं," तो अभिमानाने म्हणाला.

नोएलियाने नवऱ्याकडे पाहिले. देमियान छताकडे पाहत होता.

"हो का," ती म्हणाली. "मग त्या उंटाला डोळे नव्हते का? इतकं मोठं अंगण आहे, कुंड्या आहेत. बुटांतच ओतायचं होतं?"

"अंधार होता गं," देमियान म्हणाला. "उंट बिचारा झोपेत असेल. दुसऱ्या दिवशी त्याला कामावर जायचं असेल."

"उंट कामावर जातात?" तादेओने विचारले.

"काही काही जातात," नोएलिया म्हणाली. "आणि घरी आले की काही म्हणजे काही करत नाहीत."

खुर्चीत बसून माते, म्हणजे तिकडचा कडवट पाल्याचा चहा, नळीने पीत असलेल्या सासूबाई, दोन्या एल्विरा, यांनी नळी तोंडातून काढली. "उंटाला उगाच बोलू नये. गुणी प्राणी आहे तो."

"गुणी असेलही, सासूबाई. पण लहानपणी लाडावलेला दिसतो. वळण कोणी लावलं नाही."

"आमच्या काळात उंटीणही चार कामं करायची," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा नळी तोंडात धरली.

शिबिराला तासभर उरला होता. नोएलियाने केस वाळवायचे यंत्र आणले, बुटात धरले, कळ दाबली, आणि साऱ्या गल्लीची वीज गेली. उन्हाळ्यात ती रोजच जाते. परंतु नोएलियाला त्या क्षणी तो व्यक्तिगत अपमान वाटला.

"गॅसची भट्टी आहे की," देमियानने सुचवले.

"उंटांनी सुचवलंय?"

"नाही, मीच."

"तेच ते."

तरीही दुसरा मार्ग नव्हता. भट्टीत राजांच्या सणाचा गोड पाव, रोस्का, गरम होत होता. त्याच्या खालच्या जाळीवर बूट ठेवले गेले. मग तादेओला मलम लावताना ते त्याच्या डोळ्यात गेले, तो रडू लागला, सर्वजण त्याच्याभोवती जमले, आणि बुटांचे स्मरण कोणाला राहिले नाही. स्मरण करून दिले ते वासाने. उजव्या बुटाचा तळ होडीसारखा वर वळला होता आणि डावा अजून ओलाच होता. बुटांना पावातल्या संत्र्याच्या फुलांच्या अर्काचा सुगंध लागला होता. पावाला कशाचा लागला होता, ते सासूबाईंनी एक घास चाखून सर्वांना सांगितले.

"मी नाही जाणार," तादेओ पुटपुटला. "सगळे हसतील."

नोएलिया गुडघ्यांवर बसली. ओरडण्याजोगे पुष्कळ काही तिच्या जिभेवर होते. ते गिळून ती म्हणाली, "अरे, राजांच्या उंटाने ज्यात तोंड घातलं, असे बूट किती जणांकडे असतात?"

तादेओने विचार केला. मग तो पाय बुटात घालू लागला.

फाटकाशी शिबिराचे तरुण गुरुजी लाउतारो उभे होते. त्यांनी तादेओचा वळलेला बूट पाहिला. नोएलिया काही सांगणार, तोच त्यांनी मागच्या रांगेकडे बोट केले. एका मुलीच्या बुटांतून चालताना पाणी पचपचत होते, एकाच्या पायांत वडिलांचे गमबूट होते, एक बाई मुलाचा बूट हवेत झटकत होती.

"काल रात्री उंटांनी गावभर धुमाकूळ घातलाय," गुरुजी गंभीरपणे म्हणाले. "बोटं झाकलीत ना? चला आत."

तादेओने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि पचक पचक करीत निघून गेला. त्याने मागे वळून पाहिले नाही. नोएलियाचा निरोपासाठी उचललेला हात तसाच राहिला.

शिबिरालाच निघालेली ब्रिसा कोरडे बूट घालून अजून शेजारीच उभी होती. "आई, पुढच्या वर्षी बाबाला सांग, पाणी कुंडीत ओत म्हणावं. दर वर्षी तो दाराशीच फेकतो. म्हणून तर मी सपाता ठेवल्या."

नोएलिया तिच्याकडे वळली. "तुला ठाऊक होतं? मग मला सांगायचं नाही का, बाळा?"

"सांगितलं असतं, तर मला ठाऊक आहे हे तुला कळलं असतं," ब्रिसा म्हणाली. "तुला किती वाईट वाटलं असतं." तिने आईच्या गालाचे चुंबन घेतले आणि भावामागे पळाली.

पाणथळीची वाट त्या दोघांच्या पावलांना मऊ होवो. आणि ज्या घरात लेकरे आईबापांच्या श्रद्धेला इतके जपतात, त्या घरी उंट वर्षानुवर्षे येत राहोत, शक्य तर जरा बेताने.