ठिपके आत की बाहेर?

"ठिपके आत पळताहेत!" ठिपकेबाई एवढ्या जोरात ओरडल्या की शेजारच्या टेबलावरचा चहा सांडला.

ठिपकेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण वजनदार, नवजात ताऱ्यांभोवतीच्या वाफेतून रेडिओलहरींचे झगझगीत ठिपके येतात, त्यांना मेझर म्हणतात, आणि ते मोजण्यात जिची वर्षं गेली तिला खगोलशास्त्राच्या खात्यात दुसरं काय म्हणणार? बाईंचा तारा धुळीत दडून बसलेला. दिसायचे ते एका रेषेतले ठिपके. त्यांवरून बाईंचं आणि खात्याच्या प्रमुखांचं, म्हणजे सरांचं, जुनं वाजलेलं. बाई म्हणत, ही ताऱ्याभोवतीची तबकडी, हिच्यातून वायू आत पडतोय. सर म्हणत, छे, हा ताऱ्याने बाहेर फेकलेला झोत. वर्षाच्या अंतराने काढलेले दोन नकाशेच निकाल लावणार होते. बाई जिंकल्या, तर मोठ्या दुर्बिणीवरचं पुढचं काम त्यांच्या हाती येणार होतं.

सरांनी नकाशे मागेपुढे करून पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. ठिपके हलले याचंच एवढं अप्रूप, की तारखा पाहायचं कुणालाच सुचलं नाही. मग सरांनी सगळ्या खात्याला बोलावलं आणि खुर्चीची पाठ धरून म्हणाले, "माझं चुकलं. तबकडीच आहे."

बाईंना आकाश ठेंगणं झालं.

घरी नवऱ्याने झाकण न लावताच मिक्सर फिरवला होता. "टोमॅटोचं सूप भिंतीवर गेलं, पण पुसलंय बरं का! हा घे पुरावा," म्हणत त्याने फोन पुढे केला.

बाईंनी फोटो पाहिले. आधी पांढरी भिंत, मग लाल. "अरे, भिंत स्वच्छच होती की! पुसता पुसता रंगवलीस?"

"अगं, उलटं बघतेयस. नवा फोटो वर असतो!"

बाई हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. त्यांनी घाईघाईने लॅपटॉप उघडला. नकाशांच्या यादीतही नवा वर, जुना खाली. सकाळी त्यांनी वरचाच आधी लावला होता. आता अदलाबदल केली, तर ठिपके दोन्ही बाजूंना सरळ बाहेर सुटले.

"गेली माझी तबकडी," बाई म्हणाल्या. त्यांना फार वाईट वाटलं.

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना! पण बघ तरी, कसले सुसाट सुटलेत! एवढ्या जोरात यांना ढकलतं कोण?" वाईट वाटता वाटताच त्यांचं नाक पडद्याला टेकलं होतं.

शेवटी त्यांनी फोन लावला. "सर, नकाशे उलटे लागले होते. झोतच आहे. तुमचंच बरोबर होतं."

"अहो बाई," सर कळवळून म्हणाले, "उभ्या आयुष्यात आज पहिल्यांदा 'माझं चुकलं' म्हणालो. तेही चुकलंच का?"