किल्ल्यावर गेलं की किल्ला दिसत नाही

अमेरिकेत, नेपरव्हिलमधल्या एका मराठी मंडळाच्या सहल समितीने जपानमधला एक ऐतिहासिक डोंगरी किल्ला पाहण्याचा ठराव एकमताने संमत केला. डॉक्टर चंद्रशेखरकाकांनी तर दोन्ही हात वर केले. निवृत्तीला बरीच वर्षं झाली होती, उजवा गुडघा कुरकुरत होता, आणि आणखी एक किल्ला चढायचा तर तो आत्ताच, हे त्यांना दुसऱ्या कुणा डॉक्टरने सांगायची गरज नव्हती.

समितीचे अध्यक्ष गिरीश आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर होते. पुढच्याच मीटिंगला त्यांनी एक गंभीर अडचण मांडली.

"काका, किल्ल्यावर गेलं की किल्ला दिसत नाही."

"म्हणजे?"

"फोटोत नुसती भिंत येते. ढगांतला तो फेमस फोटो समोरच्या डोंगरावरून काढतात. तिथे बस जवळपर्यंत जाते."

"मग आधी समोरून बघू, नंतर चढू."

"दोन्ही शेड्यूलमध्ये बसत नाही. आणि वर गेलो, तर गेल्याचं प्रूफ काय?"

'किल्ला पाहणे' यात किल्ल्यावर जाणे अंतर्भूत नाही, असा खुलासा समितीने केला आणि फेट्यांच्या रंगाचा विषय चर्चेला घेतला. डाळिंबी ठरला. ऐनवेळी ढग आलेच नाहीत तर काय, यासाठी उपसमिती नेमण्यात आली.

जपानमध्ये त्या सकाळी मंडळी फेटे बांधून समोरच्या डोंगराकडे निघाली. काका मृणालिनीकाकूंना म्हणाले, "तू फोटोत थांब. घरातलं एक माणूस तरी अधिकृतपणे आलेलं बरं." आणि काठी घेऊन ते एकटेच किल्ल्याच्या वाटेला लागले.

दगड ओले होते. प्रत्येक वळणावर गुडघ्याची समजूत काढावी लागली. वर बुरुजाच्या दारात बूट काढून, खडा लाकडी जिना दोन्ही हातांनी धरत त्यांनी माथा गाठला. मग तटावर येऊन उभे राहिले, तेव्हा खालचे ढग विरत होते आणि पलीकडे डाळिंबी ठिपके दिसत होते. काकांनी टोपी हलवली. पोरासारखी, हात दुखेपर्यंत हलवली.

परतल्यावर हॉलमध्ये 'आम्ही किल्ला सर केला' हा स्लाइड शो झाला. सगळ्यांना सन्मानचिन्हं मिळाली. काकांना मिळालं नाही.

"तुमचा एकही फोटो नाही हो, काका," गिरीश हळहळले.

काकांनी फोन पुढे केला. त्यात एक भिंत होती आणि स्वतःचे मोजे.

"यार काका, हे कुठलंही असू शकतं."

काकू उठल्या. "तुझा मूळ फोटो मोठा करून बघ, गिरीश. तटावर टोपी हलवताहेत ते कोण?"

गिरीशनी लॅपटॉपवर फोटो मोठा केला. काकाच होते.

"ओह. आम्हाला वाटलं, कुणी टूरिस्ट मध्ये आलाय. फ्रेम खराब होत होती, म्हणून फायनलमध्ये पुसला."

काका पडद्यावरच्या मोकळ्या तटाकडे बघत राहिले. "छान काम केलंयस," ते म्हणाले. "टाकासुद्धा दिसत नाही."

हॉलने टाळ्या वाजवल्या. सन्मानचिन्हं संपली होती, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला.

पुसलेला तो फोटो मग ग्रुपाग्रुपांवर फिरला. तुमच्याकडेही आला असेल. 'पुढच्या वर्षी आम्हीही' असं लिहून तुम्ही खाली अंगठा दाखवलात, तो काकांनी पाहिला.