जिती हाये, टोपीत हाये

शब्बीरचाचा दुसऱ्यांचे फोन उचलतात. चोरून नाही, हक्कानं.

खामगावच्या एका तेलाच्या कारखान्यात ते गेटवर असतात. मी कॉलेजच्या उन्हाळी सुट्टीत तिथल्या प्रयोगशाळेत तेलाचे नमुने तपासायला जायची. सोयाबीनमधलं तेल ओढून घ्यायला तिथं पेट्रोलच्या जातीचा एक द्रव वापरतात. एक ठिणगी पडली तरी खेळ खलास. म्हणून काडीपेटी, मोबाइल, सगळं गेटवर जमा. फोन पेटीत ठेवायचे आणि वाजले तर वाजू द्यायचे, असा साहेबांचा हुकूम होता. पण स्क्रीनवर 'आई' नाहीतर 'मम्मी' दिसलं, की चाचा तो हुकूम गुंडाळून ठेवायचे.

"जिती हाये ताई, टोपीत हाये," ही त्यांची सुरुवात. टोपी म्हणजे हेल्मेट. पुढं मी जेवून गेटवर ठेवलेला खानावळीचा डबा उघडून बघून सविस्तर बातमी. मी कारलं तसंच परत नेते, हे आईला डोणगावात बसल्या बसल्या कळलं ते असं. मी चिडले, माझा फोन उचलायचा नाही म्हणून बजावलं.

"तुही माय तिकडं जीव मुठीत धरून बसली, अन् तुले कारल्याची पडली काय बे?"

मुलीलाही बे म्हणणारा माणूस, त्याच्याशी काय भांडणार. आणि खरंच, आई त्या एका वाक्यावर रोजचा दिवस निभावून नेत होती.

मग एका दुपारी बातमी आली, गुजरातेतल्या एका गावी रंगाच्या कारखान्याला आग. चाचांचा एकुलता एक मुलगा इरफान त्याच गावात, अशाच कुठल्याशा कारखान्यात होता. आमच्यापैकी कोणालाच हे ठाऊक नव्हतं. चाचा फोन लावत राहिले. रिंग जात होती.

तेवढ्यात नेहमीप्रमाणे आईचा फोन आला. चाचा "जिती हाये" म्हणाले आणि थांबले. आईनं विचारलं, आवाज काऊन असा?

"ताई, माह्या पोराचाबी फोन गेटवर जमा असते," चाचा म्हणाले. "तिथं उचलणारं कोणी नाही."

त्यानंतर आईनं फोन ठेवलाच नाही. गच्चीवरच्या कुरडया तशाच टाकून ती बोलत बसली. इरफान लहानपणी काय खायचा, कोणावर गेला, सगळं विचारत राहिली.

संध्याकाळी मी बाहेर आले, तर माझा फोन चाचांच्या कानाला आणि त्यांचा स्वतःचा मुठीत. साहेबांची गाडी गेली. त्यांनी काचेतून बघितलं आणि नजर पुढं वळवली.

आणि मुठीतला फोन वाजला. इरफानच. आग दुसऱ्याच कारखान्यात होती. हा शिफ्ट संपवून गेटवर आला, तर अब्बांचे ढीगभर मिस कॉल, म्हणून उलट वैतागलेला. चाचांचं रडत रडत नुसतं हां, हां चाललेलं. इकडं आई विचारून विचारून बेजार. शेवटी त्यांनी दोन्ही फोन स्पीकरवर टाकून समोरासमोर धरले.

"इरफान, मी डोणगावची मावशी," आई म्हणाली. "बाप रडून राह्यला तुहा. आधी तू जेवला का, ते सांग त्याले."