पिवळी वायर

शिरोली एमआयडीसीतल्या बाळासोंच्या फौंड्रीत सकाळी स्टोअरचं नेट बंद पडलं आणि बाळासोंचा चेहरा खुलला. त्यांनी लगेच बंगळूरला पोरीला, भैरवीला फोन लावला. एरवी "आप्पा, मीटिंगमधी हाय" एवढ्यावर तिचं बोलणं आटपायचं. दिवाळीलाही ती आली नव्हती. नेट बिघडलं की मात्र ती निवांत बोलायची. कारखान्यात नेट वाटून देणारे स्विच तिनंच बसवले होते आणि बंगळूरात बसून तीच ते सांभाळायची.

"दिसलं, आप्पा. स्टोअरचं सेटिंग हललंय. करते नीट. तुम्ही तेवढं कशाला हात लावू नका."

बाळासो स्विचच्या पेटीपाशी जाऊन उभे राहिले. एका पिवळ्या वायरीचं एक टोक स्विचमध्ये होतं, दुसरं खाली लोंबत होतं. ते बघवेना म्हणून त्यांनी ते त्याच स्विचच्या रिकाम्या भोकात खोचलं. सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागले आणि स्टोअरच्या जोडीला ऑफिस, कॅमेरे, सगळंच बंद पडलं.

"आप्पा, काय केलासा?"

"काय न्हाय की!"

भैरवीनं बरीच खटपट केली. "आता मलाच आत शिरता येईना. थांबा, संध्याकाळच्या बसनं मीच येतो."

येतो! अगदी इकडच्या पोरींसारखं. बंगळूरला गेल्यापासून पोरगी 'येते, जाते' म्हणायला लागली होती.  बाळासोंनी लगेच मंगळवार पेठेत घरी बायकोला फोन केला.

"लीला, भैरवी यायलीया!"

"खरं व्हय? अवो, मग मटणाचं सांगा की! तिची गादी उन्हात टाकाय पायजे."

वायर काढली तर नेट सुरू होईल, हे बाळासोंना एव्हाना कळून चुकलं होतं. त्यांनी पेटीचं दार लावलं आणि समोर खुर्ची टाकून बसले.

संध्याकाळी ते चहाला उठले तेवढ्यात ऑफिसातल्या स्वप्नालीनं पेटी उघडली. तिची बिलं सकाळपासून अडकली होती.

"साहेब, ही वायर उगंच दोन्हीकडनं खोचलीया बघा! काढली की झालं सुरू!"

"तुला कुणी सांगितलतं?" बाळासो कडाडले. "बिलं उद्या जातील. घरी जा तू!"

स्वप्नाली तोंड पाडून गेली. बाळासोंनी इकडंतिकडं बघितलं आणि वायर परत खोचली.

फोन वाजला. मागं बसचा आवाज होता.

"आप्पा, मोबाईलवर दिसतंय मला. आत्ता नेट सुरू झालतं, परत बंद पडलं. वायर कोण काढतंय, कोण लावतंय?"

बाळासोंनी हळूच पेटीचं दार लावलं.

"नेटचं कळलं मला. बस अजून इथल्या ट्राफिकमधीच हाय. उतरू का?"

"न्हाय, म्हणजे... नेटचं ऱ्हाऊ दे," बाळासो वर बघत म्हणाले. "ऑफिसातला पंखा बी लई आवाज कराय लागलाय."



"एकच पंखा?"

"घरातला बी."

"दोन पंखे व्हय?" भैरवीचा आवाज जरा ओला झाला होता. "मग चार दिवस तरी ऱ्हायाला लागंल."