खुब्यातली ओल

पेणजवळ जोह्यात आमच्या शेजारच्या नानूकाकांना भेटायला गेलात, तर आधी गुडघा पुढे करा. ते नमस्कार-चमत्कारात पडत नाहीत. बोट वाकवून गुडघ्यावर टकटक करतात आणि निकाल देतात, "हाय, वाळलाय." सगळा जन्म गणपती घडवण्यात गेला. मूर्ती आतून सुकली की नाही ते वाजवून कळतं, मग माणूस का नाय कळणार, असं त्यांचं म्हणणं. मुलीसाठी, शैलासाठी, रोह्याचं स्थळ आलं तेव्हा भर बैठकीत त्यांनी नवऱ्यामुलाचा गुडघा वाजवला. पाहुणे उठून जायचेच बाकी होते. मुलगा हसला, म्हणून लग्न झालं.

काकू गेल्यावर काका एकटेच राहतात. पुढे त्यांना रक्ताचा कॅन्सर निघाला, सावकाश चालणारा. रोज गोळी घ्यायची, अधूनमधून रक्त तपासायचं. गोळी ते चुकवत नाहीत. पण यंदा आषाढात उजवा खुबा दुखायला लागला आणि माणूस हट्टाला पेटला.

"काका, डॉक्टरांना सांगूया."

"नाय गो मंदे. आत ओल रायलीय."

पावसाळ्यात मूर्ती सुकवायला कारखान्यात हॅलोजन लावतात. तिथे दोन गणपतींच्या मध्ये, खुबा दिव्याकडे करून काका बसायचे. कातडी लालभडक व्हायची. मी ओरडले की म्हणायचे, "घाई केली तर तडा जातो." हसावं की कपाळ बडवून घ्यावं, कळेना. शैलाचा फोन आला की आवाज खणखणीत, "मला काय धाड भरलीय?" तिला सातवा महिना होता.

एका सकाळी ते पाटावरून उठेचनात. मी रिक्षा बोलावून त्यांना पेणला इस्पितळात नेलं. डॉक्टर गंभीर झाले. "हाडांत नवं दुखणं आलंय. आजार उसळला का, ते आधी पाहावं लागेल."

रक्त घेतलं, खुब्याचा एमआरआय झाला. रिपोर्ट येईपर्यंत मी दहादा खिडकीपाशी जाऊन चौकशी केली. काका उलट मलाच धीर द्यायचे, आणि मला त्यांचा भयंकर राग यायचा.

"आजार उसळलेला नाही," शेवटी डॉक्टर म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. "पण या आजाराच्या सुरुवातीला रक्त दाट झालं होतं. तेव्हा खुब्यातल्या हाडाच्या गोल टोकाला रक्त पोचलं नसावं. तिथलं हाड मेलंय, खचलंय. सांधा बदलावा लागेल. मग जमिनीवर बसणं बंद."

जमिनीवर बसूनच ज्यांनी आजवर गणपतींचे डोळे आखले, ते काका माझा खांदा धरून बाहेर निघाले. बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाले, "शैलाला फोन लाव."

मी लावून दिला. आता नेहमीची फुशारकी सुरू होणार, म्हणून मी तोंड फिरवलं.

"शैले," ते म्हणाले, "लय दुखतंय गो, पोरी."

पलीकडून ती काहीबाही विचारत होती. काका नुसती मान हलवत होते, तिला दिसत असल्यासारखी.