सढळरावांनी जमिनीला तेल पाजलं

"अगं, तेल लावायला कसला सुतार हवा? डोक्याला लावतो तसंच जमिनीला लावायचं!" असं म्हणून सढळरावांनी सुताराला दारातूनच परत पाठवलं.

सढळराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चहात साखर, कुंडीत पाणी आणि पाहुण्यांना सल्ला, यातलं काहीही मोजूनमापून द्यायचं त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं. म्हणून त्यांच्या आईनेच ते नाव ठेवलं आणि पुढे सगळ्यांनीच उचललं.

आता कामही साधंसुधं नव्हतं बरं का! त्यांची बायको नाच शिकवायची. इतकी वर्षं तिने भाड्याच्या कोंदट हॉलमध्ये काढली होती. आता कुठे घरातल्या पुढच्या मोठ्या खोलीत तिचा स्वतःचा वर्ग सुरू होणार होता. खोलीतली जुनी लाकडी जमीन सुताराने घासून कोरी करकरीत करून दिली होती. रविवारी संध्याकाळी मुली आणि त्यांचे पालक ती बघायला येणार, पसंत पडली तर नाव घालणार, नाहीतर पुन्हा तोच कोंदट हॉल!

"अहो, एवढी खोली नीट होऊ दे हो," एका रात्रीपुरती बहिणीकडे निघताना ती म्हणाली. बोलताना तिचे डोळे भरून आले होते.

"तू निर्धास्त जा! आल्यावर ओळखणार नाहीस!" सढळराव छाती फुगवून म्हणाले. एवढं मात्र त्यांनी शब्दशः खरं करून दाखवलं.

ते तडक दुकानात गेले. दुकानदार जवसाच्या तेलाचा डबा काढत म्हणाला, "साहेब, हात अगदी पातळ ठेवा. लाकूड प्यायचं तेवढं पितं, आणि वर राहतं ते..."

"कळलं, कळलं! चार डबे द्या!"

"अहो, एका खोलीला एक पुष्कळ..."

"घरची जमीन आहे, उपाशी ठेवू का?"

घरी येऊन गुडघे टेकून त्यांनी पहिल्या फळीवर तेल ओतलं. आणि काय सांगू! त्या फिक्कट, रुसलेल्या लाकडाला असा काही तांबूस रंग चढला, एकेक रेघ अशी उठून आली, की सढळरावांना भरूनच आलं. "पी बाळा, पी!" म्हणत त्यांनी दुसरा हात दिला, मग तिसरा. चारही डबे रिकामे झाले तेव्हा खोलीत तळं साचल्यासारखं दिसत होतं.

"आई, बघ! तोंड दिसतंय यात!"

"दिसतंय रे," आई उंबऱ्यावरून म्हणाली, "पण हे वाळणार कधी?"

"उद्या सकाळी कडकडीत!"

सकाळी सढळराव ऐटीत आत शिरले. पाय उचलला, तो वर आला. चप्पल आली नाही! ती काढायला वाकले, हात टेकला, तर हातही जमिनीला आवडला. गुळाचा पाक सांडावा तशी सगळी खोली चिकट झाली होती. एवढ्यात आई मागून आली. "मेल्या, माझी चप्पल कोणी धरली?"

सढळरावांच्या तोंडचं पाणी पळालं. पण डोकं लढवलं नाही तर ते सढळराव कसले! तेल शोषून घेतील म्हणून त्यांनी जमिनीवर रद्दीतली वर्तमानपत्रं अंथरली. वर्तमानपत्रं अशी घट्ट बसली, की ओढली तर नुसत्या चिंध्या हातात! आई उंबऱ्यावर बसून निवांत बातम्या वाचायला लागली.

नेमकी तेव्हाच बायको आली.

"अहो... हे काय?"

"जमीन... अजून पितेय," सढळराव ततपप करत म्हणाले.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, "मी सगळ्यांना फोन करते. येऊ नका म्हणून सांगते." पण दुपारपर्यंत एकाही पालकाचा फोन लागला नाही. शेवटी सढळरावांनीच लाज गुंडाळून दुकानदाराला फोन लावला.

दुकानदार आधी पोटभर हसला. "साहेब, वर राहतं ते पुसून घ्यायचं असतं! तेच तर सांगत होतो! आता असं करा, थोडं नवं तेल फिरवा म्हणजे चिकटा सैल होईल. मग सुती कापडाने जोर लावून घासा. दहा माणसं लावा! आणि ती कापडं गोळा करून ठेवू नका हं, आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवा आणि मोकळी पसरा."

"आणखी तेल? बघ, मी म्हणत नव्हतो का!" सढळराव बायकोकडे बघून उसळले. तिने असं काही पाहिलं की ते धावतच पाचवा डबा आणायला गेले. परत येऊन त्यांनी कागद खरवडले, तेल फिरवलं, एवढ्यात दारावरची घंटा वाजली. मुली! पालक! सगळे हजर!

बायको उठली. सगळ्यांना वाटलं, ही आता हात जोडणार. तिने ओढणी कमरेला बांधली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "चपला बाहेर! पायाला फडकी बांधा! आज पहिला धडा घसरण्याचा! आई, सुती कापड काढा, असेल तेवढं!"

गाणं लागलं. आणि मंडळी, मग जी काय धमाल उडाली! मुली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घासत, घसरत, खिदळत सुटल्या. कपाळाला आठ्या घालून आलेले एक टायवाले वडील आधी कोपऱ्यात उभे होते, थोड्या वेळाने तेच गिरक्या घेत म्हणत होते, "सरका, सरका, मला थांबता येत नाहीये!" घासता घासता चिकटा गेला, आणि खालून रेशमासारखी जमीन वर आली. बायकोच्या चेहऱ्यावर तर आनंद मावेना. झाडून सगळ्या मुलींची नावं नोंदली गेली. टायवाल्यांनी हळूच विचारलं, "मोठ्यांचा वर्ग घेता का हो?"

सढळरावांना पुन्हा कंठ फुटला. "त्याचं काय आहे, लाकडाला माया लावावी लागते," असं चार जणांना सांगून झाल्यावर ते तेलकट कापडं बादलीत भिजवून अंगणात पसरायला गेले. पहिलं उलगडलं, त्याला बाही निघाली. दुसऱ्याला कॉलर. तिसऱ्याला ओळखीचा खिसा!

"आई! हे सगळे माझे शर्ट आहेत!"

"मग? घरात सुती तूच घालतोस," आई म्हणाली.

तेवढ्यात दुकानदाराचा फोन. "जमलं ना साहेब? छान! आता दर वर्षी असाच एक हात देत जा."

"दर वर्षी? अहो, एवढं कापड आणू कुठून?"

खिडकीतून बायको डोकावली. हसून हसून तिला बोलता येत नव्हतं.

"काळजी करू नका हो! तुमच्या पँट्स आहेत अजून!"