रेमेतमावशीचा सराव

रेमेतमावशीच्या घरातून पेटीचे सूर यायला लागले, की आमच्या गिरीज गावातली माणसं हातातलं काम टाकून एकमेकांना विचारायची, "कोण आजारी हाय?"

मावशी आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवायची. लग्नाची, नाताळची गाणी ती डोळे मिटून वाजवी. धास्ती होती ती मयताच्या गाण्यांची. गावात कुणाला दोन दिवस ताप आला, कुणी केळीच्या वाडीत घसरून पडलं, की मावशी दुपारी दार लोटून दफनविधीची गाणी घोटायला बसलीच. "ऐनवेळी चुकलं तर?" हा तिचा जप होता. "लग्नात चुकलं तर माणसं हसतील. मयताला एकदाच पोचवायचं असतं गो बाय. ती मिस्सा परत होत नाय."

हे तिला चटका बसून कळलं होतं. ऐन विशीत, स्वतःच्या बापाच्या मयताच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या शेवटच्या प्रार्थनेला, तिची बोटं दुसऱ्या कडव्यावर अडकली ती सुटलीच नाहीत. माझ्या आजोबांची शवपेटी गाण्याविना बाहेर गेली. त्या धक्क्याने मावशीने लग्न केलं नाही, असं लोक सांगत. ते खोटं. तिला कुणी पसंतच पडला नाही. सराव मात्र तेव्हापासूनचा.

एकदा शेजारच्या पास्कूकाकांना ताप आला. आठवडाभर पेटी ऐकून नवव्या दिवशी काका काठी टेकत मावशीच्या ओट्यावर हजर. "रेमेत, मी अजून जिता हाय!"

मावशीचा चेहरा उजळला. "बरं झालं आलास. तुझ्या गाण्याला काळी एक पट्टी चालेल का पांढरी चार? उंच पट्टीत तुझ्या पोरांचे आवाज फाटतात."

काका संतापले, मग बसले, चहा प्यायले आणि काळी एक ठरवून घरी गेले. पुढे अकरा वर्षं जगले. डॉक्टरांच्या इंजेक्शनांनी झालं नाही ते मावशीच्या पेटीने केलं, असं गावात म्हणत.

मी शाळेत शिकवायला लागले त्या वर्षी माझ्या आईच्या, म्हणजे मावशीच्या धाकट्या बहिणीच्या, पोटात गाठ निघाली. ऑपरेशन करून आईला घरी आणलं. गाठ तपासायला दिली होती आणि उत्तर यायचं होतं. मावशीचं घर आमच्या विहिरीपलीकडे. शाळेतून येताना मी विहिरीपाशी सायकल थांबवून कान द्यायची. पेटी गप्प. मला हायसं वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच सायकल थांबायची.

आईला मात्र त्या शांततेने झोप येईना. दहाव्या दिवशी तिने मला जवळ बोलावलं. "पास्कूच्या तापाला आठ दिवस वाजवलं. माझं पोट फाडलं तरी गप्प? डॉक्टरांनी तुम्हाला काय ते सांगितलंय, तुम्ही माझ्यापासून लपवताय. जा, विचार तिला."

मी गेले. मावशी भर उन्हात केळींना पाणी घालत होती. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेला होता, वाडीत चिखल होता, तरी ही पाणी घालतच होती. उघड्या दारातून दिसलं, पेटी खोलीत नव्हती. गोधडीत गुंडाळून, काथ्याने बांधून तिने ती माळ्यावर टाकली होती.

"आई विचारते, तू सराव का करत नाहीस?"

मावशीने माझ्याकडे बघितलंच नाही. "सगळ्यांच्या वेळी चुकू नये म्हणून घोटते. तिच्या वेळी मला ते यायलाच नको. विसरायचंय मला." मग हातातला डबा खाली ठेवून म्हणाली, "पण बोटं विसरत नाय गो. इथे पाणी घालताना पण चालतात." तिची बोटं खरंच हलत होती. मला रडू आवरलं नाही.

घरी येऊन मी आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. "येडी हाय," म्हणाली. मग म्हणाली, "तिला सांग, पेटी खाली काढ. नाताळ आला. कोयरच्या पोरांची गाणी कोण बसवणार?"

तपासणीचं उत्तर यायला अजून आठ दिवस होते. ते चांगलं येणार, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी विहिरीपलीकडून नाताळचं गाणं आलं. डोळे मिटून वाजवायचं गाणं, पण मावशी त्यात तीनदा चुकली. आमच्या दारावरून भाजीच्या टोपल्या घेऊन चाललेल्या दोन बायका थबकल्या. त्यांनी सवयीने क्रूसाची खूण केली आणि एकीने हाक मारून विचारलं, "कोण आजारी हाय गो?"

मी काही बोलायच्या आत आई टाके सांभाळत खाटेवर उठून बसली आणि विहिरीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा ओरडली, "कोणी नाय!"